गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी

ज्वारीची भाकरी कोणी थापली हे ताटावर बसलेल्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. थापणारी बदलली हे मात्र त्याला दुसऱ्या घासालाच कळते. निदान सोलापुरात तरी कळते. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या शहरात तव्यावरची मऊ भाकरी आणि वाळवून ठेवलेली कडक भाकरी यांचे चाहते वेगवेगळे असून दोघेही आपल्या आवडीबाबत तडजोड करीत नाहीत, आणि शेंगाचटणीच्या चवीवरून जेथे माणसे आपापली खानावळ ठरवितात, तेथे परातीपुढे बसलेल्या बाईचा हात हीच धंद्याची खरी पुंजी होय, असे मी गेली अनेक वर्षे उपाहारगृहांचे जमाखर्च लिहीत असताना मानीत आलो आहे. या पुंजीची नोंद करण्यासाठी ताळेबंदात रकाना नाही, एवढीच त्यातील अडचण.

अशी एक पुंजी एका दुकानातून माझ्या डोळ्यांदेखत गेली. त्या भटारखान्यात एक प्रौढ बाई अकरा वर्षे भाकऱ्या थापीत होत्या; सारे त्यांना अक्का म्हणत. संध्याकाळी सहाला येऊन, पदर खोचून त्या परातीपुढे बसल्या की रात्री दहापर्यंत त्यांचा हात थांबत नसे. पिठात ऊन पाणी घालून ते तळहाताच्या मुळाने रगडण्याची, भाकरी परातीत गरगर फिरत असता तिच्या कडेला चीर पडू न देण्याची, आणि पाणी फिरवलेली बाजू नेमक्या कोणत्या क्षणी उलटावी म्हणजे पापुद्रा टम्म फुगतो हे नुसत्या वाफेवरून ओळखण्याची त्यांची हातोटी अशी होती की, ती पाहत उभा राहून मी हातातले हिशेबाचे कागद अनेकदा विसरलो आहे. अक्का कुंभारीकडच्या वसाहतीत राहत, आणि तिकडे जाणारी शेवटची शेअर रिक्षा सव्वादहाला निघे. जुन्या मॅनेजरने ही गोष्ट कोठे लिहून ठेवली नव्हती. पण दहाचा ठोका पडला की तो आतल्या दाराशी येऊन 'अक्का, उठा आता' एवढेच म्हणे, आणि उरलेल्या भाकऱ्या दुसरी बाई उरकी. तो मॅनेजर गेला. त्याच्या जागी टेबलावर काम करून वर आलेला एक हुशार आणि प्रामाणिक तरुण गल्ल्यावर बसला. तिसऱ्या आठवड्यात त्याने सर्वांसमोर सांगितले, 'सगळ्यांचं सुटल्याशिवाय कुणी सुटायचं नाही. एकाला एक, दुसऱ्याला एक, असं चालायचं नाही.' अक्कांनी दोन रात्री भाच्याला मोटारसायकल घेऊन बोलावले. तिसऱ्या दिवशी भाचाच आला. 'अक्काचं गुडघं लई दुखायलंय मालक, आता जमायचं नाही तिला.' मालकांनी औषधपाण्याला पैसे पाठविले. ते तसेच परत आले. पुढच्या दोन महिन्यांत त्या परातीपुढे चार बाया बसल्या आणि उठल्या, आणि महिनेवारी जेवणाऱ्यांच्या वहीतील नावे कशी एकेक करून कमी होत गेली ते माझ्याच हाताने मी लिहिले.

या हकीकतीत दुष्ट कोणी नाही, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. मालक कनवाळू होते. तरुण मॅनेजरला न्याय करावयाचा होता. सर्वांना एक नियम लावला म्हणजे न्याय झाला, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि जो माणूस काल सोबत्यांबरोबर टेबल पुसत होता त्याने आज पक्षपाताच्या आरोपाला भ्यावे हे स्वाभाविकच आहे. त्याला थाळीचा भाव माहीत होता, कोठीतील तेलाचा डबा किती दिवस पुरतो हे माहीत होते, गिऱ्हाईक चिडले तर त्याला गोड बोलून कसे बसवावे हेही माहीत होते. सव्वादहाची रिक्षा त्याला माहीत नव्हती. ती माहीत करून घेणे हा आपल्या कामाचा भाग आहे असे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि गुडघ्याची गोष्ट त्याने खरी मानल्यामुळे, आपल्या हातून काय गेले हे त्याला कळण्याचा मार्गही बंद झाला.

प्रस्तुत पुस्तिका त्याच्यासारख्यांसाठी आहे. दुपारी तीन ते पाच या, जेवणाची पाळी उलगडल्यावरच्या शांत वेळात, शहरातील काही उपाहारगृहांचे मॅनेजर एकत्र बसून जे बोलले, भांडले आणि एकमेकांकडून शिकले, त्याचा हा संग्रह आहे. कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, ही तक्रार सोलापुरातील कोणत्याही गल्ल्यावर ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु तिचे खापर आजकालच्या पोरांवर, मोबाइलवर किंवा पुण्यावर फोडून जो मोकळा होतो, त्याच्या हाती काही उरत नाही. चांगला माणूस राहणार की जाणार याचा निर्णय पुष्कळदा गल्ल्यावरच्या माणसाच्या चार-दोन लहानशा वागणुकींवर होतो, आणि त्या वागणुकी शिकता व शिकविता येतात, एवढाच या पुस्तिकेचा दावा आहे.

मॅनेजर नावाचा हा मध्यस्थ आमच्या भोजनव्यवसायात फार जुना नाही. १८७० नंतरच्या दशकात येथे कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या, तेलंगणातून, कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून माणसे कामासाठी आली, आणि घर मागे ठेवून आलेल्या माणसाला दोन वेळचे अन्न घालणारी खानावळ ही गरज झाली. मुंबईच्या गिरणगावात तर घरोघरच्या बायांनीच हा धंदा अंगावर घेतला होता. त्या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्याच्या उद्योगातूनच प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली जन्मास आले. अशा खानावळीत सासू चुलीपाशी, सून वाढायला आणि धनी हिशेबाला. भांडण झाले तरी ते घरातले, आणि रात्री सारे एकाच छपराखाली. तेथे माणूस टिकविण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे दुकान वाढले. आत कुटुंबांसाठी वेगळी खोली आली, वर थंडगार दालन आले, दारात पार्सल नेणाऱ्यांची रांग लागली. मालकाची दुसरी शाखा झाली, तिसरी झाली, आणि मालक व वाढपी यांच्यामध्ये जी पोकळी पडली तीत एक पगारी माणूस येऊन बसला. मालक त्याला विचारतो, गल्ला किती झाला? गिऱ्हाईक विचारते, ऑर्डरला इतका वेळ का? भटारखाना विचारतो, बदलीचा माणूस कोठे आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याची तालीम त्याला कोठेही मिळालेली नसते.

सोलापूरच्या मॅनेजरची अडचण याहूनही एका मात्रेने अधिक आहे, आणि बाहेरगावी छापलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ती सापडणार नाही. हे शहर क्षेत्रांच्या मधोमध वसले आहे. एका अंगाला पंढरपूर, दुसऱ्या अंगाला तुळजापूर, तिकडे अक्कलकोट, आणि पुढे कर्नाटकात गाणगापूर. त्यामुळे येथली गर्दी रविवारपेक्षा तिथीला अधिक ओळखते. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची वर्दळ, गुरुवारी आणि पौर्णिमेला अक्कलकोटची, नवरात्रात तुळजापूरची. कोजागरीच्या सुमारास तर सोलापुराहून तुळजापूरला पायी निघालेल्यांचे लोंढे रात्रभर रस्त्याने वाहत असतात. आणि संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा, जिला आम्ही गड्डा म्हणतो. आता गंमत अशी की, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा ज्याला तेथे उभे राहावयाचे असते, सात नंदीध्वजांची मिरवणूक ज्याला चुकवावयाची नसते, तो वाढपीही सोलापूरचाच असतो. ज्या दिवशी दुकानाला तो सर्वांत अधिक हवा, नेमक्या त्याच दिवशी त्याला दुकान नको असते. हा पेच रजा नामंजूर करून सुटत नाही. माणूस त्या दिवशी येतच नाही, आणि खाडा पडला म्हणून बोलणी खाण्यापेक्षा पुढेही येत नाही. आमच्या या दुपारच्या वर्गातील एका जुन्या मॅनेजराने सांगितलेला उपाय मला फार मोलाचा वाटला. ते मार्गशीर्षातच सर्वांना बोलावीत, पंचांग पुढे ठेवीत, आणि यंदा अक्षतेला कोण जाणार, होमाला कोण, शोभेच्या दारूला कोण, हे सर्वांदेखत ठरवून भिंतीवर लावीत. गेल्या वर्षी जो राहिला त्याचा यंदा पहिला हक्क. त्यांच्याकडे गड्ड्यात कधी माणूस कमी पडला नाही, असे त्यांनी सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्या शेजारी बसलेल्या, एके काळी त्यांच्याच हाताखाली वाढपी असलेल्या मॅनेजराने मान हलवून दुजोरा दिला.

माणूस आणि मालक यांच्यामधल्या या मध्यस्थाचा धडा सोलापूरला नवा असावयास नको होता. गिरण्यांच्या काळात जॉबर किंवा मुकादम हा असाच मधला माणूस होता. कामावर घेणे, काढणे, रजा देणे, बदली लावणे, अडीनडीला पैसे देणे, ही सारी सूत्रे त्याच्या हाती असत. आणि त्याची मर्जी राखण्यासाठी कामगाराला काय काय करावे लागे, हे ज्यांनी आपल्या वाडवडिलांकडून ऐकले आहे त्यांना विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने, ज्यात आपले ना. म. जोशी सभासद होते, १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अनिर्बंध सत्तेवर बोट ठेवले, आणि माणसे नेमण्याचे काम त्याच्याकडून काढून घेऊन त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. यंत्र उत्तम, कापूस उत्तम, आणि तरी माणूस टिकत नाही, याचे एक मूळ त्या मधल्या माणसात आहे, हे तेव्हाच उमगले होते. पुढे १९४९ साली आमची प्रख्यात जुनी मिल बंद पडली, आणि १९५० साली गैरव्यवस्थेचे कारण दाखवून सरकारने खास कायद्याने तिचा कारभार हाती घेतला. त्या कायद्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकविला जातो. ज्या गावाचे नाव व्यवस्थापनातील दोषांपायी देशाच्या न्यायग्रंथांत गेले, त्या गावाने व्यवस्थापन ही शिकण्याची गोष्ट आहे हे सर्वांआधी मान्य करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या पुस्तिकेतील ज्या प्रकरणावर सर्वांत अधिक वाद झाला ते उचलीचे. ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादम हंगामाआधी उचल देतो, ही रीत आमच्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. तीच रीत उपाहारगृहात शिरली आहे. चांगला आचारी मिळाला की मालक त्याच्या हातावर घसघशीत रक्कम ठेवतो आणि समजतो की माणूस बांधला गेला. मी हिशेबनीस या नात्याने या उचलींची खाती वर्षानुवर्षे पाहिली आहेत, आणि माझा अनुभव असा की त्या खात्यांचा शेवट दोनच प्रकारांनी होतो. एक तर ती रक्कम एके दिवशी आचाऱ्यासकट नाहीशी होते. नाहीतर ती फिटतच नाही. दरमहा थोडी कापली जाते, सणाला आणि दवाखान्याला पुन्हा थोडी चढते, आणि तो माणूस जाऊ शकत नाही म्हणून राहतो. असे राहणे आणि टिकणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविला आहे, याची जाणीव वर्गातील कित्येकांना प्रथमच झाली. उचल मुळीच देऊ नये असे या पुस्तिकेचे म्हणणे नाही. गरिबाच्या घरी आजारपण पगाराची तारीख पाहून येत नाही. उचल द्यावी, पण ती वहीत त्याच्यासमोर लिहावी, त्याच्या सहीनिशी लिहावी, दरमहा किती कापणार ते त्याच दिवशी ठरवावे, आणि बाकी किती राहिली हे त्याने न विचारता त्याला सांगावे.

हेच हजेरीचे. पगाराच्या दिवशी गल्ल्यापुढे उभा असलेला एक कोवळा मुलगा 'मालक, चार नाही, तीनच खाडे झालेत माझे' असे हलकेच म्हणताना मी ऐकला आहे. 'वहीत चार लिहिलेत,' असे उत्तर आले. मुलाने नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत, आणि मागे वळला. दुसऱ्या दिवशी भटारखान्यामागच्या खुंटीवर त्याची पिशवी नव्हती. त्या एका दिवसाच्या पगारासाठी तो गेला असे मला वाटत नाही; आपला शब्द येथे कोणी तपासूनसुद्धा पाहत नाही, हे त्याला त्या क्षणी समजले असावे. त्यावेळी मी तेथे बसलेला असून काही बोललो नाही, याची खंत मला आहे, आणि हे काम अंगावर घेण्याचे तेही एक कारण आहे. हजेरीपट रोज रात्री उघडा ठेवावा आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढची खूण पाहून जावे, ही सूचना एवढी साधी आहे की ती छापण्याची लाज वाटावी. पण जेथे ती अमलात आली तेथे पगाराच्या दिवसाची धुसफूस एकाच महिन्यात थांबली.

भटारखाना आणि दालन यांच्यामधल्या खिडकीचे प्रकरण वाचकांना कदाचित अनपेक्षित वाटेल. विल्यम फूट व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने शिकागोतील उपाहारगृहांत माणसे घालून तेथील माणसामाणसांतील संबंधांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९४८ साली त्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याला असे आढळले की, पुष्कळशी भांडणे त्या खिडकीपाशीच जन्म घेतात. कारण तेथे वयाने, पगाराने आणि कसबाने वरचढ असलेल्या आचाऱ्याला त्याच्याहून खालच्या मानल्या गेलेल्या वाढणाऱ्या मुली ओरडून हुकूम सोडतात. काही दुकानांत मुलींनी तोंडाने सांगण्याऐवजी चिठ्ठी एका खिळ्याला टोचून ठेवावी आणि आचाऱ्याने ती आपल्या सोयीने, क्रमाने उचलावी, एवढी व्यवस्था केल्याबरोबर कलह ओसरला. आमच्याकडे वस्ताद कोठल्या प्रांताचा असतो, वाढपी घरी तेलुगू बोलतो, भाकरीवाली कानडी, आणि मोरीवरचा मुलगा दखनी. चार भाषांतले ओरडणे एका खिडकीत आदळते तेव्हा शिवी नसलेला शब्दही शिवीसारखा लागतो. वैशाखात, बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला असता भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर तो कसा पडत असेल, याची कल्पना पंख्याखाली बसणाऱ्याने करावी. चिठ्ठी, ठरलेला क्रम, आणि गर्दीच्या तासाभरात मॅनेजरने गल्ला सोडून स्वतः त्या खिडकीपाशी उभे राहणे, हे तीन उपाय वर्गात सर्वानुमते मान्य झाले. तिसरा पाळणे सर्वांत कठीण, कारण गल्ला सोडण्याची परवानगी मालकाने द्यावी लागते.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवे मुकादम घाईने तयार करावे लागले, तेव्हा १९४० ते १९४५ या वर्षांत तेथे एक शिक्षणक्रम राबविण्यात आला. त्यात दोन-दोन तासांच्या पाच बैठका असत, दहा-बारा माणसांहून मोठा गट नसे, आणि व्याख्यानाऐवजी प्रत्येकाने आपल्या हाताखालचा एक खरा प्रसंग मांडून त्यावर सर्वांनी विचार करावयाचा असे. माणसांशी वागण्याच्या भागात त्यांनी मुकादमांना चारच गोष्टी घोटून शिकविल्या होत्या: आपले काम कसे चालले आहे हे ज्याचे त्याला कळू द्यावे, चांगल्या कामाचे श्रेय वेळीच द्यावे, ज्या बदलाची झळ त्याला लागणार तो आधी सांगावा, आणि त्याच्या अंगच्या गुणांचा पुरता उपयोग करून घ्यावा. अक्कांच्या हकीकतीकडे यांतील तिसऱ्या गोष्टीच्या उजेडात पाहिले म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या परक्या अनुभवाचे मोल कळते. आम्हीही पाच दुपारी आणि दोन तास हाच आराखडा घेतला, आणि प्रसंग मात्र सारे येथलेच ठेवले.

काही मालकांनी आम्हाला विचारले, आणि काहींनी आशेने विचारले, की मॅनेजरला असे शिकविले म्हणजे पगार न वाढविता माणसे राहतील काय. याचे उत्तर नकारार्थी आहे आणि ते येथेच देऊन टाकतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीच झाला. मुंबई दुकाने व संस्था अधिनियमही त्याच सालचा, आणि त्यात उपाहारगृहांसाठी वेगळे प्रकरण घालून आठवड्याच्या सुट्टीची तरतूद केलेली होती. इतक्या वर्षांनंतरही जेथे आठवड्याची सुट्टी ही मेहेरबानी समजली जाते, तेथे मॅनेजरच्या गोड बोलण्याने काही साधावयाचे नाही आणि साधूही नये. कामगारांनी स्वतः चालविलेली कॉफी हाउसे आपल्या देशात आहेत. कॉफी बोर्डाने आपली दुकाने बंद करण्यास घेतली तेव्हा १९५७ साली बंगळूरला नोकरांची पहिली सहकारी संस्था निघाली आणि मग ती चळवळ अनेक राज्यांत पसरली. तेथे पागोटे घातलेला वाढपी केस पिकेपर्यंत त्याच दालनात दिसतो, कारण दुकानात त्याचा वाटा आहे. प्रत्येक मालकाने सहकारी संस्था काढावी असे मी म्हणत नाही. पण माणूस कशाने राहतो याचा हा पुरावा डोळ्यांआड करता येत नाही.

आणि जाणाऱ्याला जाऊ देणे हेही शिकावे लागते. सकाळी सोलापुराहून पुण्याला निघणाऱ्या, आमच्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये येथे घडलेला एखादा चांगला वाढपी महिन्या-दोन महिन्यांनी बसतोच. पुण्यात पगार अधिक, शहर मोठे. त्याला दोष कोणी द्यावा? दक्षिण कानड्यातून मुंबईला आलेल्या उडुपी उपाहारगृहांतील पोरांची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. ती पोरे दिवसा टेबले पुशीत आणि रात्री त्यांच्यासाठी निघालेल्या कन्नड रात्रशाळांत शिकत; त्यांतून कोणी वाढपी झाला, कोणी गल्ल्यावर बसला, कोणी भागीदार झाला, कोणी वकीलही झाला. पुढची पायरी दिसत होती म्हणून ती टिकली. आणि जी गेली त्यांनी गावाकडून धाकटा भाऊ, चुलतभाऊ, शेजाऱ्याचा मुलगा त्याच दुकानात आणून उभा केला. आपल्याकडून गेलेला मुलगा सणाला परत आला असता गल्ल्यापाशी येऊन 'बरं हाय ना मालक?' असे विचारतो की रस्ता ओलांडून पलीकडून जातो, हे पाहिले तरी त्या दुकानाचा मॅनेजर कसा आहे ते मला कळते.

लहान मुलांविषयी एकच वाक्य. चौदा वर्षांखालील मुलांना उपाहारगृहात व ढाब्यावर कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली आहे, आणि ज्या दुकानात ती मोडली जाते त्याच्या मॅनेजरसाठी हे पुस्तक लिहिलेले नाही.

दुपारच्या तीन ते सहा या वेळेचे प्रकरण मी लिहिण्यास सर्वांत उशिरा घेतले आणि तेच मला आता सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या धंद्यात पाळी तुटक असते. दहा ते तीन काम, मग सहापासून मध्यरात्रीपर्यंत काम. मधल्या तीन तासांत लांब राहणारा माणूस घरी जाऊ शकत नाही. तो कोठीत पोत्यांवर आडवा होतो, टेबलाखाली वर्तमानपत्र पसरून झोपतो, नाहीतर उन्हात पानटपरीशी उभा राहतो. वर्गासाठी मी ज्या ज्या दुकानांत दुपारी गेलो तेथे तेथे मला हे दृश्य दिसले, आणि एका ठिकाणी निराळे दिसले: मॅनेजरने माडीवरची अडगळीची खोली रिकामी करवून तेथे चार चटया, एक पंखा, एक माठ आणि कपडे बदलण्यासाठी पडदा अशी सोय केली होती. मालकाकडून त्याने पंख्याचे पैसे मागितले होते. बाकीचे त्याचे स्वतःचे. बाया एका भिंतीशी, पुरुष दुसऱ्या भिंतीशी, मध्ये चादर टांगलेली. चादर अर्थात सोलापुरीच होती, मोराच्या नक्षीची. त्या दुकानातील हजेरीपट मी चाळला तेव्हा तेच तेच नाव पाने उलटीत गेलो तरी सुटत नव्हते.

राहता राहिले पुस्तिकेच्या आकाराविषयी. ती गल्ल्याच्या खणात, चिल्लरीच्या डब्याशेजारी मावेल एवढीच ठेवली आहे. तेलाचे बोट लागले तरी पुसता यावे म्हणून वेष्टन गुळगुळीत घेतले आहे. शेवटची चोवीस पाने कोरी असून त्यांवर रकाने आखलेले आहेत. घर कोठे, जाण्यायेण्याचे साधन कोणते आणि ते शेवटचे किती वाजता सुटते, घरी कोण कोण, कोणत्या सणाला सुट्टी हवी, काय शिकावयाची इच्छा आहे, उचल किती व बाकी किती, असे ते रकाने आहेत, आणि ते मॅनेजरने स्वतः, समोरच्याला विचारून, त्याच्या देखत भरावयाचे आहेत. पहिला रकाना नावाचा आहे. तेथे 'बारक्या', 'छोटू', 'मोरीवाला' असे काही न लिहिता वडिलांच्या नावासह आणि आडनावासह पूर्ण नाव लिहावे, आणि ते बरोबर लिहिले आहे की नाही हे त्याला एकदा वाचून दाखवावे.